जेवणवेळचा प्रचार

"माझी बायको जाऊन वर्ष झालं, अन् ती तुमच्यासाठी मतं मागतेय?" गेनूअण्णांनी प्रचार कार्यालयातल्या कार्यकर्त्यापुढे मोबाईल धरला. व्हिडिओत तुळसाबाई हसत म्हणत होती, "गेनूअण्णा, छत्रीलाच मत द्या!"

"एआयनं बनवलंय, अण्णा. ज्याच्या त्याच्या घरी त्याचंच गेलेलं माणूस पाठवतोय."

"अरे, पण तिनं जन्मात कधी माझं नाव घेतलं नाही!"

"एवढंच ना? दुरुस्त करतो."

संध्याकाळी तुळसाबाई पुन्हा आली. "अहो, जेवलात का? छत्रीला विसरू नका हं."

मग ती रोज जेवणवेळी येऊ लागली. अण्णा ताट वाढून तिची वाट बघायचे.

मतदान झालं आणि मोबाईल गप्प झाला. अण्णा कार्यालयात पोचले, तर मांडव उतरवणं चाललं होतं.

"आता काय राहिलं, अण्णा?"

"पुढची निवडणूक कधी रे?"