सतरावा जोड

"अकरा मिनिटं आहेत," कॅमेरा चालवणारी पोरगी म्हणाली. "मग किरणं कॅमेऱ्याची काच काळी करतील."

अणुभट्टीची भिंत मीटरभर जाड. पलीकडच्या खोलीत चाळीस वर्षांत माणूस शिरला नव्हता. शिरला असता तर वाचला नसता. आता आतला नळ कुठेतरी गळत होता, आणि साहेबांचा संशय सतराव्या जोडावर होता. तो कोरडा आहे हे आज दिसलं नाही, तर अहवालात तो जोड मारणाऱ्या वेल्डरचं नाव जाणार होतं. म्हातारा वेल्डर पडद्यासमोर स्टुलावर अंग चोरून बसला होता.

नऊ.

पडद्यावर पांढरे ठिपके भुरभुरत होते.

"बिघडलाय का ग?"

"नाही काका. किरणंच ती. आदळतायत."

म्हाताऱ्याने पाय स्टुलाखाली ओढून घेतले.

सात.

सोळावा दिसला. अठरावा दिसला. सतरावा नळाच्या पाठीशी, भिंतीकडे. कॅमेऱ्याची मान तिथे पोचेना.

"जिथे दिसतच नाही तिथे जोड मारलात कसा?" साहेब म्हणाले. "आंधळी कोशिंबीर खेळत?"

"आरशात बघून."

पाच.

म्हातारा खाली बघून म्हणाला, "आरसा आतच राहिला, साहेब. तारेने बांधलेला. बाहेर पडताना हत्यारं मोजली, तेव्हा मी खोटं बोललो."

साहेबांनी तोंड उघडलं. पोरीने त्यांच्याकडे न बघता हात वर केला. "ओरडा नंतर. काका, कुठे?"

"नळामागे, भिंतीला. कमरेच्या उंचीवर."

"काच असेल तर काळी पडली असेल."

"स्टीलचा आहे. मीच घासला होता, आठवडाभर."

तीन.

कॅमेरा वाकला. भिंतीवर काहीतरी चमकलं. हातभर अंधारात तळहाताएवढा उजेड, आणि त्यात सतरावा जोड : खवल्यावर खवला, एकसारखा, कालच मारल्यासारखा. थेंब नाही. डाग नाही.

"कोरडा," साहेब म्हणाले, आणि आपोआप उभे राहिले.

एक.

चित्र चहाच्या रंगाचं होत चाललं. कॅमेरा मागे सरताना आरशात दोन बारीक दिवे उमटले.

"हे काय?"

"आपलाच कॅमेरा, काका. आरशात."

म्हातारा पडद्याला नाक लागेल इतका पुढे झाला.

"आधी तिथे मी दिसायचो," तो हळूच म्हणाला. "मिशी काळी होती."