चाकाखालचं लिंबू

"लिंबू फुटलं तरच स्पर्धेला जायचं," नव्या सायकलच्या पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवत आईने लेकीला बजावलं.

डोंगरावरून सुसाट उतरायची ही सायकल लेकीने वर्षभर खपून जुळवली होती. पुढचं चाक धरणारा फोर्क असा निवडला, की दगडाचा धक्का मनगटाला कळू नये. चाकं अशी गुबगुबीत, की वाट कुरवाळत जावीत. झोपेत ती ढगांतून उतरायची आणि उशीचे ब्रेक दाबायची.

तिने सायकल ढकलली. चाक लिंबावरून तरंगत गेलं. लिंबू अख्खं. पुन्हा ढकलली, लिंबाला पत्ताच नाही.

"जरा हलका माल घ्यायला हवा होतास," बाबा हळहळले.

आईने लिंबू उचलून पदराने पुसलं.

"ही सायकल लिंबाला एवढं जपते, म्हणजे तुलाही जपेल. जा, उतरून ये. याचं सरबत करून ठेवते."