वळणावरची हाक

जंगलातून कड्याकडे जाणाऱ्या वाटेवर मुलगा पुढे होता आणि मी काठी टेकत मागे. पूर्वी ह्यांच्याबरोबर यायचे, तेव्हा हे प्रत्येक वळणावर थांबून हाक मारायचे आणि मी ओ दिल्याशिवाय पाऊल उचलायचे नाहीत. हे गेले. घरात आई, आजी, काकू म्हणणारे पुष्कळ, पण ह्यांनी ठेवलेलं नाव कुणाच्याच तोंडी नाही. दम खायला बसल्यावर मुलाला म्हटलं, “वरून एकदा बाबांसारखी हाक मारशील?” “आईला ‘बुटके’ म्हणू? लोक हसतील गं!” “इथे माकडांशिवाय आहे कोण?” तो मान हलवत पुढे गेला. मी शेवटच्या चढाला लागले, तोच कड्यावरून आवाज आला, “ए बुटके, आलीस का?” अगदी ह्यांचाच आवाज, तीच घाई. ओठांवर आलेली ओ मी गिळली आणि झाडाला टेकून पुन्हा हाक यायची वाट पाहत राहिले.