पारखी नजर

१९९४ साली सूर्यकांत नागपूरहून बदलून बंगळूरला आला, तेव्हा त्या परमुलखात त्याला घरचं जेवण मिळालं ते शेजारच्या स्मृतीअक्कांकडे. अक्कांचं मराठी घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. त्या चित्रं काढतात, हे मात्र त्यांच्या पहिल्या प्रदर्शनाचं बोलावणं आलं तेव्हा त्याला कळलं. तोही कधीकाळी चित्रकला शिकला होता, पण नोकरीपायी त्याने ती सोडली होती.

दालनात चिकपेटेच्या बाजारातल्या साडीवाल्याच्या चित्रापुढे तो थबकला. असं आपल्याला सात जन्मांत जमलं नसतं, या विचाराने तो आतून जळत राहिला.

"कसं वाटलं रे?" अक्कांनी विचारलं.

"बाकीची छान आहेत. हे मात्र कच्चं आहे."

दुसऱ्या दिवशी तो जेवायला गेला, तर ते चित्र अक्कांच्या स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं.

"एक जण विकत मागत होते. मी नाही म्हटलं, काढूनच आणलं," त्याच्या भातावर तूप वाढत अक्का म्हणाल्या. "सगळे गोडगोड बोलले रे. खरं बोललास तो तू एकटाच."

सांगून टाकावं म्हणून सूर्यकांतने तोंड उघडलं, आणि त्यात घास घातला.