धुतलेली भांडी

नवऱ्याला, हॅरल्डला, मातीत ठेवून आर्डिस हॉगन घरी आली, तर न्हाणीघरातल्या कपाटातून त्याच्या दुखण्यावरच्या गोळ्या गायब. तिने शेरीफला फोन केला. शेरीफ व्हर्नन लोकेन चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून नुकताच बाहेर पडला होता, त्याने गाडी तशीच इकडे वळवली.

या वर्षातली ही तिसरी चोरी. प्रत्येक वेळी मयताचाच दिवस, सगळं गाव चर्चमध्ये, आणि घरात मेलेल्या माणसाची उरलेली औषधं. कुलूप लावायची पद्धत आमच्या भागात नाही. व्हर्ननची बायको मार्लिस नोव्हेंबरात गेली, तेव्हापासून त्याचं कुठल्याही तपासात मन लागत नव्हतं. पण नोकरी होती.

"जन्मभर त्या माणसाने एक गोळी घेतली नाही," आर्डिस म्हणाली. "शेवटी घ्यायला लागला, तर त्याही चोरीला. तू जेवतोस का रे? पँट नुसती पट्ट्याच्या जिवावर उभी आहे तुझी."

"जेवतो हो." हे खोटं होतं. "आणखी काय गेलं?"

"काही नाही. टीव्ही आहे, बंदुका आहेत."

व्हर्नन स्वयंपाकघरात उभा राहिला. ओट्यावर कप उपडे घातलेले, फडकं पिळून नळावर पसरलेलं.

"भांडी कुणी घासली?"

"मी तर सकाळी तशीच टाकून गेले होते. लेकीने घासली असतील."

"मी नाही," लेक बाहेरच्या खोलीतून म्हणाली.

व्हर्नन खुर्चीत बसला. त्याला एकदम थकल्यासारखं वाटलं. बाहेरचा चोर असता तर त्याने बंदुका उचलल्या असत्या. मयताच्या घरात खरकटं पाहून ज्याचा पाय पुढे निघत नाही, तो आमच्यातलाच.

"आज घरात कोण आलं होतं?"

"कुणी नाही. सगळे तिकडेच होते ना."

शेगडीवर काचेच्या भांड्यात ओव्हनमध्ये भाजलेला कोंबडी आणि शेवयांचा हॉटडिश झाकून ठेवला होता. व्हर्ननने हात लावून पाहिला. अजून कोमट होता.

"मग हे?"

"ते होय? ते डोनाने ठेवलं. प्रार्थना चालू असताना तीच ठेवून जाते, घरचे परतले की गरम मिळावं म्हणून. तुझ्याकडे नव्हतं का ठेवलं?"

ठेवलं होतं. डोनाला कुणी 'कुणी' म्हणून मोजतच नव्हतं, आणि व्हर्ननही इतके दिवस मोजत नव्हता. स्वतःचाच राग यावा एवढंही बळ त्याच्यात उरलं नव्हतं.

डोना ब्रॅटव्होल्ड, ग्लेनची बायको, चर्चच्या तळघरात कॉफीचं मोठं पिंप घासत होती. बाकीच्या बायका घरी गेल्या होत्या. गावातल्या प्रत्येक मयताचं जेवण ती बघायची. मार्लिसचंही तिनेच बघितलं होतं.

"बस. हॅम उरलंय, पाव देते."

"गोळ्या कुठे आहेत, डोना?"

तिचा हात थांबला नाही. पिंपाची तोटी तिने नीट घासून घेतली, मगच बोलली.

"पर्समध्ये. घे. ग्लेनच्या पाठीला लागतात रे. धान्याच्या कोठारावरून पडला, आणि डॉक्टरने वर्षभरात बंद केल्या. म्हणे सवय लागेल. रात्री उशी तोंडात धरून ओरडतो तो. मेलेल्यांना काय करायच्यात?"

"मला आधी सांगायचंस."

"तुला? तूच धड उभा नव्हतास."

व्हर्ननने टोपी टेबलावर ठेवली. "मार्लिसच्याही नेल्यास?"

"नेल्या." आता मात्र तिची मान खाली गेली. "तुला आज कळलं?"

"ते कपाट मी अजून उघडलंच नाही. गोळ्यांचं जाऊ दे. तू तिचा कप घासलास."

"कुठला कप?"

"पलंगाशेजारचा. निळ्या काठाचा."

"खरकटा होता, व्हर्नन. तळाला चहा वाळलेला. तशा घरात तू एकटा परत येणार होतास."

"माहितीये." मग तो बोलतच गेला. गेल्या पाच महिन्यांत एवढं सलग तो कुणाशी बोलला नव्हता. "त्या सकाळी तिने लिपस्टिक लावली. बघ, कशी दिसते, म्हणाली. हायवेवर कुणाची तरी गुरं सुटली होती, मी फोनवर होतो. छान, म्हणालो. मान वर न करता. परत आलो तोवर ती गेली होती आणि नर्सने तोंड पुसून ठेवलं होतं. कपाला लागली असणार, एवढं माहीत होतं. पण बघायचा धीर होईना. माती देऊन आलो की बघू म्हटलं."

डोनाने नळ बंद केला.

"तिच्या खणात ढीगभर लिपस्टिक पडल्यात. मी एकेक उघडून बघतो. त्यातली कुठली, ते कळत नाही."

"देवा," डोना पुटपुटली. "होती रे. काठाला होती. साध्या साबणाने निघेना, मी सोडा लावून घासली."

बाहेर कबरस्तानातलं माती ओढायचं यंत्र थांबलं. ग्लेन घरी एकटा होता, त्याच्याकडे कुणाला तरी पाठवायला हवं होतं. शेरीफबरोबर जायला डोनाने स्वतःच ॲप्रन सोडला, घडी घातली आणि खुंटीवरचा कोट काढला.

"कोट राहू दे," व्हर्नन म्हणाला. त्याने तिच्यासाठी खुर्ची ओढली. "आधी रंग आठव."