पलंगावरची घंटी

"कायद्याने परवानगी दिली म्हणून काय मरण मागायचं?" सायकली दुरुस्त करणारा मुलगा पलंगापुढे आडवा आला. मणक्याच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेल्या आईने इच्छामरणाचा अर्ज केला होता. तिचा शेवटचा होकार विचारायला डॉक्टर आले होते. "असह्य झालं की वाजव म्हणून मीच पलंगाला सायकलची नवीकोरी घंटी बसवली. वर्षभरात एकदाही वाजली नाही. बिघडलीय म्हणाल, तर ऐका." त्याने खटका दाबला. नुसतंच खट्. दुकानातल्या सवयीने त्याने घंटीची वाटी फिरवून काढली. आत कापूस ठासलेला होता. खटका झिजून गुळगुळीत झाला होता. रात्रंदिवस दाबल्याशिवाय पोलाद असं झिजत नाही, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. "दिवसभर राबतोस," आई भिंतीकडे बघत म्हणाली. "म्हटलं, तुला तरी झोप लागू दे." वाटी मुठीत आवळून तो बाजूला झाला. "विचारा तिला."