आजचा दिवस नीट गेला

आरतीचं तबक फिरलं आणि धोंडूबाई खांबाला टेकून बसल्या. "चला गं, आज देवानं काय दिलं ते एकेकीनं सांगा. मागायचं नाय. मिळालं तेवढंच."

दोन वर्षं हा नेम चालला होता. संध्याकाळी बारा-तेरा बायका देवळाच्या सभामंडपात गोल बसायच्या. प्रत्येकीनं एक गोष्ट सांगून हात जोडायचे, बाकीच्यांनी म्हणायचं, "देवाची कृपा." कुणाच्या गाईला कालवड झालेली असायची, कुणाची सून बऱ्याच दिवसांनी हसून बोललेली असायची.

वनिता मात्र रोज एकच वाक्य म्हणायची, "आजचा दिवस नीट गेला." बायका चिडवायच्या, हिला देव दुसरं काय देतच नाय. वनिता नुसती हसायची.

त्या वाक्याचा अर्थ तिथं एकट्या माधवीला ठाऊक होता. माधवी तिची शेजारीण. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन खालापूरजवळच्या या गावात आल्या होत्या. वनिताच्या सुरभीला लहानपणी फिट यायच्या. तेव्हा ती पनवेलला मामाकडे असायची, म्हणून गावात कुणाला पत्ता लागला नव्हता. शेवटची फिट येऊन सात वर्षं झाली होती. डॉक्टरांनी गोळ्याही बंद केल्या होत्या. तरी वनिता मुलीला एकटीला विहिरीवर जाऊ देत नसे, आणि दिवेलागणीला देवापुढं बसली की मनात म्हणत असे, आजही नाही आली.

आज माधवी मांडीवर पेढ्यांचा डबा घेऊन बसली होती. तिची पाळी आली तसे तिनं डोळे मिटून हात जोडले.

"माझ्या भावाच्या समिधाचं जमलं. काल सुपारी फुटली. देवा, तुझे लई उपकार."

"देवाची कृपा," बायका म्हणाल्या. रोहिणीनं विचारलं, "स्थळ कुठलं गं?"

"कडावचं. ओमकार नाव. रसायनीला कंपनीत हाय." माधवी हे रोहिणीकडे बघून बोलली. शेजारी बसलेल्या वनिताकडे तिनं मान वळवली नाही.

पंधरा दिवसांपूर्वी हाच ओमकार आईबापासोबत सुरभीला बघायला आला होता. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं. सुरभीच म्हणाली होती, "आई, लपवायचं नाय. पुढच्या बैठकीला मीच सांगणार." गिरणीवर दळण होईपर्यंत वनितानं हे सगळं माधवीला सांगितलं होतं. तुला म्हणून सांगते, असं म्हणून सांगितलं होतं.

बैठक रविवारी ठरली होती. गुरुवारी मुलाच्या आईचा फोन आला. "आमच्या अंगणात विहीर हाय. तुमच्या पोरीला कसं झेपायचं? आमी दुसरीकडं बघतो."

सुरभीच्या फिटचं आणि विहिरीचं यांना कुणी सांगितलं, हे वनिताला उमगेना. तिनं सुरभीच्या मामाला विचारलं. मग सुरभीलाच धरलं. "तूच बोललीस त्याला फोनवर. तुला चार दिवस दम निघाला नाय." सुरभी एवढंच म्हणाली, "नाय गं आई." वनिताचा विश्वास बसला नाही. तेव्हापासून घरात दोघींचं धड बोलणं नव्हतं. त्या दिवशी वनिता माधवीच्याच पडवीत बसून रडली होती आणि माधवीनं तिचा हात हातात घेतला होता. "देवाची मर्जी," म्हणाली होती.

"वनिता, तुझी पाळी," धोंडूबाई म्हणाल्या.

वनितानं हात जोडले. तोंड उघडलं. रोजचं वाक्य ओठांपर्यंत आलं आणि तिथंच राहिलं. सगळ्या तिच्याकडे बघत होत्या. माधवी पेढ्यांच्या डब्याची दोरी सोडत होती. ती गाठ तिला सुटत नव्हती.

"आज नाय काय," म्हणत वनिता उठली.

पायऱ्यांवर ती चपला घालत होती, तेवढ्यात माधवी मागून आली.

"वनिता, ऐक तरी. ती माणसं माझ्या दारात आली. शेजारी म्हणून विचारलं, पोरगी कशी हाय. मी खोटं कसं बोलू?"

"आमीच सांगणार होतो रविवारी. तुला ठावं होतं."

माधवी एक पायरी खाली उतरली.

"आणि समिधाचं नाव कुणी काढलं? त्यांनी का तू?"

"तिला तिसावं लागलं गं." माधवीचा आवाज बारीक झाला. "निघालं बोलता बोलता. देवाच्या मनात असंल, म्हणून जुळलं. मी कोण जुळवणारी?"

वनितानं दुसरी चप्पल पायात सरकवली आणि मान वर केली.

"देवाला मधे आणू नको, माधवी. या गावात ही गोष्ट मी दोघांनाच सांगितली होती. त्यानं अजून कुणाला सांगितली नाय."

ती पायऱ्या उतरली. घराकडे जाताना पाय भरभर पडत होते. घरी सुरभी ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून भाकरी थापत होती. चाहूल लागली तशी मागं न बघताच तिनं विचारलं, "लवकर आलीस? संपलं?"

"संपलं," वनिता म्हणाली. ती ओट्याला टेकून सुरभीकडे तोंड करून उभी राहिली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं मुलीच्या तोंडाकडे सरळ बघितलं.